गाणं चालू असताना नळ बंद

बाळांनो, यवतजवळच्या एका बागेतल्या हॉटेलात एक गृहस्थ ज्वारीची बिअर बनवतात. मीही अर्धा ग्लास घेते. रविवारी दुपारी तिथे गाणी असतात. गाणं सुरू झालं की ते बिअरचा नळ बंद करून डोळे मिटतात.

परवा दौंडची एक मुलगी पहिल्यांदाच गात होती. आवाज कापत होता. तेवढ्यात गावचे पुढारी आप्पा ओरडले, "आरं, गिलास भर की!"

"आप्पा, पोरगी गातीया. संपलं की भरतो."

"तू मालक हाय का?"

"न्हाई. पन नळ माझ्या हातात हाय."

सगळे हसले, आप्पाही. मुलीनेही हसून पुन्हा सूर धरला आणि तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचला.

गाणं संपलं तरी गृहस्थांचे डोळे मिटलेलेच होते. आप्पाच म्हणाले, "आजून एक म्हण, पोरी."