शमशेर मिस्त्रींचं नाक

कोरेगावच्या शमशेर मिस्त्रींचं नाक म्हणजे काय नाक होतं म्हणता! बॉनेट उघडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि पेट्रोल कुठून गळतंय ते नेमकं सांगायचे. पार सांगलीकडच्या जुन्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या, त्या या नाकावर.

चार वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. पेट्रोल नाही, अत्तर नाही, फोडणी नाही. मिस्त्रींनी कुणाजवळ ब्र काढला नाही. लेक झोया पुण्यात. तिला कळलं असतं तर 'अब्बा, गॅरेज बंद करा आणि इकडं या' म्हणाली असती. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर ती फिरकली नसती. दिवसभरात कुणी दोन शब्द बोलायचं ते गॅरेजमुळंच. ते बंद झालं की उरल्या चार भिंती, आणि त्या काय बोलणार, कपाळ! म्हणून मिस्त्री अजून फेरी मारायचे, नाक ओढायचे आणि काम मात्र डोळ्यांनी करायचे.

गेल्या महिन्यात कुंडलचे नाथाजी सुभेदार वडलांच्या वेळची मोटार टेम्पोत घालून घेऊन आले. रविवारी नातीचं, क्रांतीचं लग्न. नवरीला त्याच गाडीतून मांडवात न्यायची, हा म्हाताऱ्याचा हट्ट. पण पेट्रोल कुठून तरी गळत होतं आणि कडेगावच्या मिस्त्र्यांनी हात टेकले होते.

शमशेर मिस्त्रींनी सगळ्या जोडांना खडूची पूड फासली. पंपाजवळ पूड भिजली. तिथला पाइप बदलला, नवे वायसर घातले, गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून दोन दिवस वाट पाहिली. कागद कोरडा ठाक.

"झाली," मिस्त्री म्हणाले. सुभेदारांनी कॅनमधून टाकी काठोकाठ भरली आणि गाडी सुरू केली.

मिस्त्रींचं मन खायला लागलं. आत पेट्रोलची वाफ कोंडली तर ती कागदाला कळत नाही, नाकालाच कळते. 'वास येतोय का?' एवढं विचारलं की झालं. पण ते यांनी विचारायचं? गाडी रस्त्याला लागायच्या बेतात होती. आत नवरी बसणार होती. दुखऱ्या गुडघ्यांनी मिस्त्री धावत सुटले.

"सुभेदार, थांबा! बंद करा गाडी!"

"आता काय झालं?"

"मला वास येत न्हाई. चार वर्सं झाली. तुमी मागं बसून बघा."

सुभेदार गाडी बंद करून खाली उतरले. मग मागं शिरले, दार लावलं आणि लगेच नाक धरून बाहेर आले. "आयला, हितं लय येतोय! मला वाटलं, टाकी आत्ताच भरली म्हणून!"

मागची सीट काढली. टाकीच्या तोंडाकडून येणारा रबरी पाइप चिरला होता. टाकी अर्धी असताना तो कोरडा होता, भरल्यावर झिरपायला लागला होता, बरोब्बर नवरीच्या पाठीमागं.  मिस्त्रींनी पाइप बदलला, सांडलेलं पुसून काढलं, तासभर दारं उघडी ठेवली. सुभेदार पुन्हा दार लावून आत बसले, चांगली पाच मिनिटं.

"आता काय न्हाई."

मिस्त्री खाली मान घालून पाने गोळा करायला लागले. आता हा माणूस गावभर सांगणार, असंच त्यांना वाटत होतं. सुभेदार मात्र जागचे हलले नाहीत.

"चार वर्सं, मिस्त्री? घरात कुणाला तरी बोलायचं हुतं की."

"सांगायचं ते घरवालीला," मिस्त्री म्हणाले. "ती त्याच तापात गेली, सुभेदार."