यादीत नसलेला धंदा

शाहपुऱ्यातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात माझ्यापुढे तळ्यावर मासे धरणारा एक म्हातारा बसला होता. त्याला लघुउद्योग म्हणून नोंदणी हवी होती. रबर काढून त्याने दोन आधार कार्डं टेबलावर ठेवली होती.

"काम करने वाले कितने?" दुकानदाराने विचारलं.

"दो," म्हातारा म्हणाला आणि लगेच, "नहीं, एक."

दुकानदाराने यादी वरखाली केली. "चाचा, मछली पकड़ने का रजिस्ट्रेशन नहीं होता, कानून में ही नहीं है. जाल बुनना लिख दूँ? वो चलता है."

म्हातारा नखात अडकलेलं खवलं काढत राहिला. मला चीडच आली. अहो, म्हणा की हो!

"जाल तो घरवाली बुनती थी," तो म्हणाला.

त्याने आपलं आधार कार्ड उचललं, तिच्या कार्डावर ठेवलं आणि दोन्हींना पुन्हा रबर लावलं.