मैनाबाईचा पासपोर्ट आणि खसखशीचे लाडू

मैनाबाईला विमानतळावरून परत पाठवलं, हे मला तिच्या नवऱ्यानं सांगितलं. नत्थुजी माझ्या दारात खाली मान घालून उभे होते, जणू चूक त्यांचीच होती.

बार्शीटाकळीच्या अलीकडे त्यांचा भाजीचा मळा आहे. वीस वर्षं मैनाबाई अकोल्यात माझ्या दारावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर घेऊन येते. मी शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून कुठलाही कागद आला की ती आधी मला दाखवते. तिची मुलगी साधना दुबईत, लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिलंच बाळंतपण, तारीख जुलैच्या मधली. सासू नाही, नवरा बारा तास कामावर. आईनं जायलाच हवं होतं.

तिकीट आणि व्हिसा अमरावतीच्या नितेश नावाच्या एजंटानं काढून दिला होता. पासपोर्ट साधनाच्या लग्नाच्या वेळी काढलेला. तो मीही हातात घेऊन पाहिला होता. वीस डिसेंबरपर्यंत मुदत, म्हणजे भरपूर झाली, असं मी म्हटलं होतं. हे लिहिताना माझा मलाच संताप येतो.

चार जुलैला नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट उघडला, बोटांवर महिने मोजले आणि मिटला. प्रवासाच्या दिवशी मुदत सहा महिन्यांच्या वर हवी, तुमची साडेपाच उरली आहे, तुम्हाला जाता येणार नाही. मैनाबाईनं हात जोडले, रागावली, पुन्हा हात जोडले. मागच्या माणसानं ट्रॉली पुढे ढकलली. संपलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा हातात लाडवांचा डबा होता.

"बाई, चाला अमरावतीले."

"डबा कशाला?"

"त्याच्या टेबलावर ठेवतो. पाहू दे त्याले, पोरीसाठी काय नेऊन राहिली होती मी."

नितेशच्या ऑफिसात पाच-सहा माणसं बसली होती. भिंतीवर उंच इमारतींचे फोटो, त्याच्या हातात दोन मोबाइल. मैनाबाईनं डबा त्याच्यासमोर आदळला.

"काहून रे, तुले तारीख वाचता येत नाई?"

"मावशी, बसा ना. व्हिसाचा अर्ज केला तेव्हा सहा महिने आठ दिवस होते. सगळं बरोबर होतं."

"अन् विमान कधी होतं?"

"ते तिकीट उशिराचं मिळालं. आता तारीख तुमी पण पाहायला पाह्यजे होती. पासपोर्ट तुमचा आहे."

मी वीस वर्षं मैनाबाईचा आवाज ऐकत आले आहे, भाव करताना, कुत्रं हाकलताना, भांडताना. त्या दिवशी मात्र ती हळू म्हणाली, "माया हाय. पासपोर्ट माया हाय, खरं हाय. वाचता आलं असतं तर तुयाकडे कायले आली असती मी?"

कोपऱ्यातला एक गृहस्थ उठून डब्याजवळ आला. भगवंतराव त्याचं नाव, आखातात अठरा वर्षं वेल्डर होता, आता भाच्याची कागदपत्रं करायला आला होता. त्यानं एक लाडू उचलून उजेडात धरला.

"मावशी, ह्यात खसखस घातली का?"

"घातली ना. बाळंतिणीचा लाडू हाये. खसखशीबिगर कसा होईन?"

"हे घेऊन जाणार होत्या तुमी? दुबईले?"

"हाव."

"बाप्पा!" त्यानं लाडू परत ठेवला. "खसखस तिथं अफूत मोजते. बंदी हाये. पुडीत थोडीशी सापडली तरी धरते. मायासमोर एका पोराले विमानतळावर अडकवला होता. त्याच्या आईनं मसाल्यात घालून देली होती."

दोन किलो लाडू होते त्या डब्यात.

नितेशच्या चेहऱ्यावर रंग आला. "पाहा मावशी! म्हणजे झालं ते बरंच झालं. वाचल्या तुमी."

"वाचली?" आता मात्र तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुया चुकीनं वाचली म्हणून तुले हार घालू का? मी तुले इथी उभी राहून विचारलं होतं, लेकीसाठी लाडू नेऊन राहिली, चालते का. काय म्हणे तू? काही बी न्या मावशी, घरचंच तर आहे. मले साठाव्या वर्षी जेलात बसवत होता तू, अन् पोरगी तिकडे एकटी कळा देत राहिली असती!"

मग ती वळली आणि बाकावरच्या माणसांना म्हणाली, "काढा. सगळे आपापले पासपोर्ट काढा. बाई, तुमी वाचा."

मी वाचले. नितेश "असं नाही करता येत" म्हणत राहिला, मी वाचत राहिले. ज्योत्स्ना नावाची एक तरुण बाई पुढच्या महिन्यात निघणार होती, तिची मुदत ऑक्टोबरमध्ये संपत होती. तिनं तिथंच नवऱ्याला फोन लावला आणि फोनवर रडायला लागली. नितेश मोबाइलमध्ये काहीतरी शोधत बाहेर निघून गेला.

साधनाला तेरा जुलैला मुलगी झाली. आम्ही तेव्हा पासपोर्टच्या कचेरीत रांगेत होतो. जावयानं फोनवर फोटो पाठवला, मैनाबाईनं पाहिला आणि फोन मला परत दिला. पेढे वाटू का विचारलं, तर म्हणाली, "कोणाले वाटता? इथं कोण हाय आपलं?"

नवा पासपोर्ट, पोलिसाची घरी चौकशी, नवा व्हिसा, या सगळ्यात जवळपास दीड महिना गेला. या वेळी आम्ही कोणावरही भरवसा ठेवला नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तिच्या बीपीच्या गोळ्या दुकानाच्या पाकिटातच ठेवल्या, सोबत डॉक्टरची सही-शिक्क्याची चिठ्ठी घेतली, आणि विमा काढताना बीपी आहे हे स्पष्ट लिहायला लावलं. सगळ्या कागदांच्या प्रती एक संच नत्थुजींकडे, एक जावयाच्या फोनवर. लाडू नव्यानं केले, फक्त खारीक, डिंक आणि गोडंबीचे. मैनाबाई कढईत उलथनं असं आपटत होती की मी स्वयंपाकघराबाहेर थांबले.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"पोचली. कोणी काही विचारलं नाई."

"बाळ कसं आहे?"

"मले पाहून रडते. ओळखत नाई ना."

"आणि साधना?"

"साधना म्हणे, दवाखान्यात केरळची एक नर्स होती, तिनं रातभर हात धरून ठेवला होता. चांगली होती म्हणे. मी तिच्या घरी जाऊन आली, पाया पडली. पण बाई, तो हात माया पाह्यजे होता."

"राग गेला नाही अजून?"

"काहून जाईन?" ती म्हणाली. "फोन ठेवा आता. पोरीच्या आंघोळीचं पाणी थंडं होऊन राहिलं."