ओल्याला लाख धरत नाही

जमुनाच्या हातची लाख सुटत नाही, हे आज बोईसरच्या प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात मोठे साहेबसुद्धा मान्य करतात. पूर्वी मात्र शिपाई म्हणून तिच्या हाती नुसती मेणबत्ती असायची. पाण्याचा नमुना घ्यायचा साहेबांनी, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधायचं साहेबांनी, आणि सुतळीच्या गाठीवर लाखेची कांडी वितळवून पितळी शिक्का उठवायचा तोही साहेबांनीच.

घिवली गावाजवळच्या खाडीत एका कारखान्याचं तांबडं पाणी यायचं. दोनदा नमुने गेले, आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेने ते न उघडताच परत पाठवले, कारण सील निखळलेलं. राजाचा खलिता असो, टपालाची थैली असो की कोर्टाचा मुद्देमाल, लाख फुटली की विश्वास गेला. इकडे घिवलीच्या कोळीण लाडकी मावशीच्या जाळ्यात बोय मासळी औषधालाही येईना.

"आता तिसऱ्यांदा फसलं त आमी जाली गुंडालून ठेवतो," मावशी नमुने घेणाऱ्या भाग्येश साहेबांना म्हणाली.

तेव्हा जमुना बोलली. "साहेब, या टायमाला सील मी करते."

डोंगरात तिच्या घरी विळ्याचं पातं मुठीत लाखेनेच बसवत. कुसुंबाच्या फांदीवर किडा लाख करतो, ती खरवडून आणायची. बाप आधी पात्याचं टोक तापवायचा आणि म्हणायचा, "लाख ओल्याला धरत नाय, थंडाला त नायच." साहेबांची सुतळी खाडीचं पाणी पिऊन बसलेली, लाख तिच्यावर पाहुण्यासारखी टेकायची आणि रस्त्यातल्या पहिल्या खड्ड्यात उठून जायची. हे जमुनाला दोन्ही वेळा दिसलं होतं, पण मेणबत्तीवाल्या बाईला विचारतो कोण?

तिने बाटली पुसायला घेतली, तशी मावशीने आपला पिण्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "गोड्या पान्यान धू, बाय. खारं सुकलं तरी ओल सोडत नाय." जन्मभर जाळी वाळवलेली बाई ती! जमुनाने बूच लावलेली बाटली बाहेरून धुतली, कोरडी केली, तोंड मेणबत्तीवर शेकलं, नवी सुतळी कमरेच्या पिशवीतून काढली. मावशी वाऱ्याला पाठ देऊन आडोसा करून बसली.

कारखान्याचा माणूस साक्षीला उभा होता. घड्याळ बघत हसला. "बाई, बाटली बंद करताय की दागिना घडवताय?"

जमुनाने कांडी ज्योतीवर धरली. पाच गाठी, पाच शिक्के. पाऊण तास गेला.

प्रयोगशाळेने शेरा दिला, 'सर्व सील शाबूत,' आणि पाण्यात कारखान्याचं रसायन सापडलं. सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने पुराव्यासाठी न उघडता ठेवलेली जोडीची बाटली उलटसुलट केली, नखाने लाख टोकरली. नख दुखलं, लाख हलली नाही. कारखान्याचा नाला बंद करायचा हुकूम निघाला. जमुनाला इतका आनंद झाला की ऑफिसात तिने सगळ्यांना दोनदोनदा चहा दिला.

नाल्याचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला सील लावायला भाग्येश साहेब गेले, तेव्हा कांडी, मेणबत्ती आणि शिक्का त्यांनी जमुनाच्या हाती ठेवला. अर्धी घिवली बघायला आली होती. समुद्राकडून वारा सुटला होता, ज्योत टिकेना. जमुनाने मान वर केली. समोर तोच घड्याळवाला उभा होता.

"दादा, जरा वाऱ्याच्या बाजूला उभं रा," ती म्हणाली. "दागिना घडवायचा हाय."

तो वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला आणि शेवटचा शिक्का थंड होईपर्यंत हलला नाही.