तिसरा पुकारा

कोर्टात माझ्या नावाचा पुकारा नीट ऐकूनही मी तोंड मिटून बसले होते, इतकी मी शहाणी! आज नातसुनेनं देवाची पितळी भांडी चिंचेनं घासायला काढली आणि त्या आंबट वासानं सासऱ्यांचा बिल्ला आठवला.

सासरे औरंगाबादच्या कोर्टात चोपदार होते. त्यांच्या लाल पट्ट्यावरचा पितळी बिल्ला रोज मीच घासायची. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील वारले, तसा सिल्लोडच्या शेतावर चुलत्यांनी हक्क सांगितला. आईच्या बाजूनं साक्ष द्यायला मी एकटीच होते.

साक्षीच्या दिवशी आम्ही मायलेकी व्हरांड्यात बसलो होतो. कोर्टाच्या दारातून सासऱ्यांनी पुकारलं, "शेवंताबाई हाजिर हैऽऽ?"

सासऱ्यांपुढं सुनेनं आवाज काढायचा नाही, हे मी पाठ केलेलं. मी पदर आणखी पुढं ओढला. दुसरा पुकारा झाला. आई कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं, शेत जाईल की!" त्या पदराआडच्या ठोंबीला आता दोन धपाटे घालावेसे वाटतात.

तिसऱ्या, शेवटच्या पुकाऱ्याला सासऱ्यांचा आवाज कापरा झाला. चोपदाराला दार सोडून येता येईना, नावाशिवाय काही बोलता येईना. त्यांनी माझ्याकडं बघत नुसतं बिल्ल्यावर बोट ठेवलं. दारात सासरा नव्हे, कोर्ट उभं आहे, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मी अशी ओरडले, "हाजिऽऽर!" की वळचणीची कबुतरं उडाली.

संध्याकाळी बिल्ला घासायला देताना ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, "एवढा खणखणीत आवाज हाय, तर घरातबी बोलत जा की, माय!"