शेजारची सही

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तुम्हालाच का सांगतोय — देव जाणे. आता हात थरथरायला लागलेत, सहीसुद्धा धड येत नाही. आणि गोष्ट नेमकी सहीचीच आहे.

एकोणीसशे सत्तर उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सांगलीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करत होतो. मी वडूजचा. माझा जोडीदार बयाजी माणचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. ओढ्यात बोटाएवढा, निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा मिळायचा, त्याच्या अंड्यांवर आमचं काम. अंडं इतकं नितळ की आतल्या पिलाचं हृदय सूक्ष्मदर्शकातून उघडं दिसतं. स्टॉपवॉच लावून ठोके मोजायचे, शेपटीत रक्त कसं वाहतंय ते बघायचं, वहीत लिहायचं. आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांचा नियम एकच — एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं स्वतः बघायचं आणि शेजारी सही करायची. सही नाही, तर नोंद नाही.

बयाजी लय पक्का. लहानपणापासून मेंढरं कोंडताना मोजलेली. त्याचा आकडा चुकायचा नाही. माझा? पापणी लवली की कितीवर होतो तेच विसरायचो. वर्षअखेरीला कॉलेजात प्रात्यक्षिकं घेणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघणार होती — एकच. ती आम्हा दोघांतल्या एकाला मिळणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. जेवण गोड लागेना.

एका दुपारी बयाजीनं हाक मारली, "हिकडं ये रं गड्या. काळीज हलतंय, पर रगत हुबं हाय!"

मी डोळा लावला. हृदय धडधडत होतं. शेपटीतल्या रक्तपेशी मात्र जागच्या जागी. असं आम्ही आधी कधी बघितलं नव्हतं. बघितलं ना मी? बघितलं. चांगलं मिनिटभर बघितलं. "व्हय की," असं म्हणालोसुद्धा.

त्यानं नोंद लिहिली आणि पेन माझ्यापुढं धरलं. मी म्हणालो, "थांब, चहा घेऊन येतो." चहा! कसला डोंबलाचा चहा? या एका नोंदीनं जागा त्याची होणार, हे मला कळून चुकलं होतं. मी परत आलोच नाही.

सकाळी पिलू मरून पांढरं पडलेलं. सरांनी वही उघडली, हसले. "हृदय चालू आणि रक्त बंद? डुलकी लागली होती काय, बयाजी?" मग माझ्याकडं वळले, "तू बघितलंस?"

सांगू? इथं माझी जीभ अजून अडते. मी म्हणालो — "बघितलं, सर. रक्त वाहत होतं."

नुसतं "बघितलं नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नाही.

बयाजी भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आसं कसं म्हंतोस रं? तू बी बघितलं हुतंस की." सरांनी नोंदीवर काट मारली. त्यानंतर त्याच्या कुठल्याच आकड्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही. जागा मला मिळाली. तो मुंबईला गेला, गिरणीत लागला म्हणे. मी पत्ता विचारला नाही.

पुढं अशी पिलं पुष्कळ दिसली — हृदय चालू, रक्त थांबलेलं. दरवर्षी मुलांना दाखवायचो आणि दरवर्षी तास लवकर आटपायचो. कुणी विचारलं तर?

निवृत्तीच्या वर्षी एका मुलीनं विचारलंच. "सर, आपल्या कॉलेजात हे पहिल्यांदा कुणी बघितलं?"

बयाजीचं नाव अगदी ओठावर आलं होतं. सर कधीच वारलेले. जागा जायची भीती नव्हती. कुणाचीच भीती नव्हती.

"मी," मी म्हणालो.

तिनं ते आपल्या नोंदीखाली लिहून घेतलं. सरांचा नियम मी पुढंही चालवला होता, म्हणून तिनं वही माझ्यापुढं धरली.

मी शेजारी सही केली.