हुलग्यांसाठी गाड्या पाहिजेत

तमाम जनतेस कळवण्यात येते, आणि शक्य असेल त्यांनी हे टोपी काढून ऐकावे, की गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी आमच्या गावातली वाहतूक निघून गेली. अपघात नाही, संप नाही. गावाबाहेरून बायपास झाला, त्याच्या तोंडावरचे दगड कुणीतरी बाजूला केले, आणि माजलगावकडे जाणारी सगळी वाहने तिकडून पळू लागली. बायपासचं उद्घाटन अजून व्हायचं होतं, पण वाहनांना तेवढी कळ नव्हती.

खरं तर गावाने पेढे वाटायला हवे होते. इतकी वर्षं आम्ही या वाहनांना शिव्याच घालत आलो. त्यांना वेसण घालायला प्रत्येकाने आपापल्या दारासमोर स्वतःचा गतिरोधक घातला होता. आमच्या दारातला इतका उंच, की बस त्यावर चढली म्हणजे मागच्या बाकावरचे प्रवासी आमच्या माळवदावर काय वाळत घातलंय ते बघून घेत.

पण त्याच सकाळी माझ्या चुलतीने शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन रस्त्यावर हुलगे पसरले होते.

बाहेरच्यांसाठी सांगतो. हुलगे म्हणजे कुळीथ. ज्याचं पीक दोन-चार पोत्यांचं, त्याच्याकडे मळणीयंत्र सहसा येत नाही. तो वाळलेले वेल डांबरी रस्त्यावर अंथरतो. वरून गाड्या जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी दाणे झाडून घरी न्यायचे. ड्रायव्हर शिव्या देतो, पण शिव्या देत देत मळून जातो.

चुलतीच्या हुलग्यांना शिवाय इतिहास होता. माळावरच्या त्या तुकड्यात काही उगवणार नाही, असं चुलता म्हणाला होता. तिने हट्टाने पेरलं आणि उगवलं. हे चुलत्याला सहन झालं नाही. त्याने घरात जाहीर केलं, "तुझ्या हुलग्याला मी मशीन बोलावणार न्हाई, बडवायला बी येणार न्हाई." तीही म्हणाली, "नका येऊ. मंगळवारी सांजच्याला पोतं दारात आणून दावते."

मंगळवारचे बारा वाजले होते. आभाळ भरून आलं होतं. भिजले तर हुलगे काळे पडणार आणि वर्षभर घरात त्याचाच विषय होणार. चुलता ओट्यावर मांडी घालून रिकामा रस्ता बघत होता. इतका प्रसन्न मी त्याला मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सकाळपासून एक सायकल गेली होती. तिने काही फुटलं नाही.

"कावून रे, आज गाड्या कुटं मेल्या?" चुलतीने विचारलं. मी बायपासचं सांगितलं. तिने वेल उलथायचं दाताळं जमिनीला टेकवलं.

"मग जा फाट्यावर. घिऊन ये."

"काय घेऊन येऊ, काकू?"

"गाड्या."

पन्नाशीला टेकलेला, चार माणसांत उठबस असलेला मी, मोटारसायकल काढून फाट्यावर गेलो आणि येईल त्याला हात करू लागलो. पहिला आला उसाचा ट्रॅक्टर.

"दादा, गावातून जा की. जवळ पडतं."

त्याने मला नीट निरखलं. "तुमच्या गतिरोधकावर माझी ट्रॉली पलटी झालती. वरून तुमीच दगड घिऊन मागं लागलतात."

"तो गैरसमज होता."

"दगड बी गैरसमजानंच लागलता व्हय?" म्हणाला आणि बायपासने गेला. पुढच्या टेम्पोवाल्याने विचारलं, गावात काय हाय? मी म्हणालो, हुलगे. त्याने गिअर बदलला.

तेवढ्यात बायपासची फीत कापायला निघालेले आमच्या भागातले पुढारी आले. मागे-पुढे सात पांढऱ्या गाड्या, एकेक हत्तीएवढी. मी रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभा राहिलो. काच खाली आली.

"साहेब, गावातल्या बाया सकाळपासून रस्त्यावर उभ्या आहेत. गाड्यांची वाट बघतायत."

यातल्या प्रत्येक अक्षराखाली आजही मी सही करायला तयार आहे.

साहेब विरघळले. ताफा वळला. मी मोटारसायकलवर पुढे, शक्य तितका सरकारी चेहरा करून. गावात शिरताच सातही गाड्या हुलग्यांवर चढल्या आणि असा काही कडकडाट झाला, की तसा टाळ्यांचा मी कुठल्या सभेत ऐकलेला नाही. साहेबांना वाटलं, या पायघड्याच. चुलती आणि शेजारच्या दोघी कडेला उभ्या होत्या. चुलतीने मनापासून हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. ते बघून साहेब गाडीतून उतरले.

"आई, मोकळेपणानं सांगा. गावाची काय मागणी आहे?"

त्यांच्या माणसाने वही उघडली. चुलती आयुष्यात पहिल्यांदा संकोचली. ती नुसती मागे वळून रस्त्याकडे बघत राहिली. डावी बाजू चोख मळून निघाली होती. उजवीकडचे वेल तसेच ताठ. वर आभाळ गडगडलं.

तेव्हा चुलता ओट्यावरून उठला. धोतर सावरत, अनवाणी, थेट ताफ्यापुढे धावत आला आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "अहो सायेब, बोलत काय बसलाव? गाड्या माघारी घ्या, माघारी! आमच्या हिच्या उजव्या अंगाच्या शेंगा अजून फुटल्या न्हाईत!"